तोडीची तारीख

दरवर्षी ऑक्टोबर सरत आला की कोल्हापूर-सांगलीकडे उसाच्या दराचे राजकारण तापू लागते. जयसिंगपूरला ऊस परिषद भरते, पहिल्या उचलीचा, म्हणजे दराच्या पहिल्या हप्त्याचा, आकडा जाहीर होतो, तो आकडा परवडणारा नाही असे कारखान्यांचे अध्यक्ष सांगतात, कुठेतरी वाहतूक अडवली जाते, ट्रॅक्टरच्या चाकांतली हवा सोडली जाते आणि जिल्हाधिकारी कार्यालयात बैठकांवर बैठका होऊन अखेर शंभर-दोनशे रुपयांवर तडजोड निघते. वर्तमानपत्रे या साऱ्याला दराचा लढा म्हणतात आणि तो तसा आहेही. परंतु ऊस पिकवणाऱ्या घरात वाढलेल्या कोणालाही हे ठाऊक असते की दर ठरल्यानंतरही शेतकऱ्याच्या पदरात नेमके किती पडणार, हे अजून ठरायचेच असते. ऊस कोणत्या महिन्यात तुटणार, काट्यावर किती भरणार आणि त्यातून साखरेचा किती उतारा पडला, म्हणजे उसाच्या वजनाच्या किती टक्के साखर निघाली, असे कागदावर लिहिले जाणार, यांवर ते अवलंबून असते. आणि या तिन्ही गोष्टी विकणाऱ्याच्या नव्हे तर विकत घेणाऱ्याच्या हातात असतात.

यातली पहिली गोष्ट, म्हणजे तोडीची तारीख, मला सर्वांत महत्त्वाची वाटते आणि तिच्यावरच सर्वांत कमी लिहिले जाते.

कांदा चाळीत ठेवून चार महिने वाट पाहता येते. सोयाबीनची पोती घरात रचून ठेवता येतात, कापूसही भाव चढेपर्यंत राखता येतो. वाट पाहण्याची ही मुभा शेतकऱ्याला फार श्रीमंत करत नाही, पण व्यापाऱ्यासमोर बसताना त्याला निदान उठून जाता येते. उसाला ती मुभा नाही. तोडलेला ऊस दिवसभर उन्हात पडून राहिला तरी त्याचे वजन घटते आणि त्यातली साखर कमी होऊ लागते. उभा ठेवावा, तर पक्व झाल्यानंतर त्याला तुरा येतो, कांड्या पोकळ पडू लागतात, उंदीर-डुकरांचे फावते, आणि मुख्य म्हणजे रान मोकळे होत नाही. नोव्हेंबरात तुटलेल्या उसाच्या जागी हरभरा किंवा गहू घेता येतो, खोडवा, म्हणजे तोडलेल्या बुडख्यांतून पुन्हा वाढणारा ऊस, राखला तर त्याला थंडीत फुटवे येऊन तो उन्हाळ्यापर्यंत सावरतो. तोच ऊस एप्रिलमध्ये तुटला तर खोडव्याची उगवण भर उन्हात होते, विहिरीने तळ गाठलेला असतो, आणि त्या शेतकऱ्याचे पुढचे वर्षही आत्ताच वाया गेलेले असते. टनाला दर दोघांना सारखाच मिळालेला असतो. तरीही एकाच शिवारातल्या, एकाच जातीच्या, एकाच महिन्यात लागण केलेल्या दोन उसांच्या हिशेबात जमीन-अस्मानाचे अंतर पडते आणि हे अंतर कोणत्याही दरपत्रकात दिसत नाही.

नियमाने पाहिले तर ही तारीख कोणाच्या मर्जीची नाही. लागण झाली की कारखान्याच्या गट कार्यालयात तिची नोंद करायची, आडसाली, पूर्वहंगामी, सुरू (ही लागणीच्या हंगामांची नावे) आणि खोडवा असा क्रम लावायचा, त्यात लागणीची तारीख आणि उसाची जात पाहायची, आणि त्यानुसार कारखान्याच्याच शेतकी खात्याने तोडणीचा कार्यक्रम आखून मजुरांच्या टोळ्या पाठवायच्या. हा कार्यक्रम छापलेला असतो. प्रत्यक्षात चिटबॉय, म्हणजे तोडीची चिठ्ठी देणारा कारखान्याचा माणूस, गावात कोणाच्या ओसरीवर चहाला थांबतो, टोळीच्या मुकादमाला कोणाचा फोन जातो, संचालकाच्या भावकीचे रान कोणत्या पाणंदीला आहे, अशा अनेक गोष्टी त्या छापील कागदावर मागाहून लिहिल्या जातात. माझे वडील शिस्तीचे. नोंदीची पावती ते फाइलला लावून ठेवत आणि पाळीपत्रकातला, म्हणजे तोडीच्या क्रमाच्या यादीतला, आपला क्रमांक त्यांना पाठ असे. ज्या वर्षी कारखान्याची निवडणूक झाली आणि आमच्या भावकीने पडलेल्या पॅनेलचा प्रचार केला, त्या वर्षी त्या क्रमांकाला काही अर्थ उरला नाही. आमच्या बांधाला बांध लागून असलेली राने मोकळी होत गेली, आमच्या उसाला तुरे आले, आणि टोळी आली तेव्हा हंगाम संपत आला होता. कोणी धमकी दिली नाही, कोणी काही नाकारलेही नाही. गट कार्यालयात विचारायला गेले की अत्यंत अदबीने उत्तर मिळे, ‘टोळ्या कमी आहेत, अण्णा, दोन-चार दिवसांत लावतो.’ सत्ता कशी चालते हे मी नंतर पुस्तकांतून बरेच वाचले, पण इतके नेमके उदाहरण मला पुन्हा क्वचितच सापडले.

टोळी आली की काम संपले असेही नसते. तोडणाऱ्यांना खुशाली, म्हणजे वरची बक्षिसी, द्यायची, वाहनचालकाला प्रत्येक खेपेची ‘एंट्री’ द्यायची, शिवाय वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, तेही त्यांचेच. शेतकरी कुरकुरतो आणि देतो, कारण अर्धवट तोडलेल्या फडातून टोळी निघून गेली तर तिला परत आणणे त्याच्या आवाक्यातले नसते. काही जण शेवटचा उपाय म्हणून ऊस पेटवतात. पाचट जळाले की तोडणी झपाट्याने होते आणि जळलेला ऊस थांबवून ठेवता येत नसल्याने कारखान्याला तो लवकर न्यावाच लागतो. त्या बदल्यात बिलातून जळीत उसाची कपात होते. स्वतःच्या पिकाला स्वतःच काडी लावून ते आधी विकले जावे अशी सोय करणारी बाजारपेठ जगात आणखी कोठे असेल तर मला तिची माहिती नाही.

मग दुसऱ्या कारखान्याला का घालू नये, असा प्रश्न शहरातले मित्र विचारतात. प्रश्न रास्त आहे. याचे अर्धे उत्तर भूगोलात आहे आणि अर्धे कायद्यात. ऊस वजनाला जड आणि किमतीला हलका, त्यामुळे तो फार लांब नेणे परवडत नाही. त्यात १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात २००६ साली दुरुस्ती होऊन दोन कारखान्यांमध्ये किमान १५ किलोमीटर अंतर असावे असे ठरले, ते वाढवण्याची मुभा राज्यांना दिली गेली, आणि महाराष्ट्राने ते २५ किलोमीटर हवाई अंतर केले. साखर उद्योग परवानामुक्त झाला तो १९९८ साली. म्हणजे परवाना लागत नाही, पण जवळ जागाही मिळत नाही. जो कारखाना आधीपासून उभा आहे त्याच्या भोवती सरकारनेच घातलेले हे कुंपण आहे. पूर्वी याहून उघड अशी झोनबंदी होती, आपल्या हद्दीतला ऊस बाहेर नेऊच नये असा दंडक होता, आणि शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने त्याविरुद्ध मोठे रण माजवले होते. झोनबंदी गेली, तरी अंतराची अट तिचेच काम मुकाट्याने करत राहिली.

कारखान्यांची यावरची बाजू ऐकण्यासारखी आहे आणि ती खोटी नाही. रोज पाच हजार टन ऊस गाळणारा कारखाना उभा करायला शेकडो कोटी लागतात. तो वर्षातून चार-पाच महिनेच चालतो, आणि तेवढ्या काळात गव्हाणीत ऊस कमी पडला तर कर्जाचे व्याज मात्र बारा महिने चढत राहते. दहा किलोमीटरवर दुसरा कारखाना आला तर दोघेही अर्धपोटी राहतील आणि दोघेही बुडतील, ही भीती निराधार नाही; महाराष्ट्रात असे कारखाने बुडालेले आहेत. परंतु या युक्तिवादात गुंतवणूक करणाऱ्याच्या जोखमीचा विचार होतो आणि पीक घेणाऱ्याच्या जोखमीचा होत नाही. अठरा महिने आडसाली ऊस वाढवणाऱ्याचेही भांडवल रानात अडकलेलेच असते. त्याच्यासाठी असे कोणतेही कुंपण सरकारने घातलेले नाही.

ही बाजू किती एकतर्फी आहे हे सप्टेंबर २०२३ मध्ये उघड झाले. पाऊस कमी झाला होता, ऊस कमी पडणार हे दिसत होते, आणि राज्य सरकारने परराज्यात ऊस नेण्यास बंदी घालणारा आदेश काढला. शिरोळ, कागल, गडहिंग्लज, जत या सीमेवरच्या तालुक्यांतला ऊस वर्षानुवर्षे कर्नाटकातल्या कारखान्यांना जातो. तिकडे हंगाम लवकर सुरू होतो, त्यामुळे ऊस वेळेवर तुटतो. दरात फरक असो वा नसो, हा वेळच त्या शेतकऱ्यांची एकमेव सौदाशक्ती होती. राजू शेट्टींच्या स्वाभिमानी शेतकरी संघटनेसह अनेकांनी आंदोलनाचा इशारा दिल्यावर तो आदेश काही दिवसांतच मागे घेतला गेला. मला लक्षणीय वाटते ते आदेश मागे घेणे नव्हे, तर तो काढताना कोणालाही त्यात वावगे वाटले नव्हते हे. ज्या वर्षी उसाची टंचाई होती, म्हणजे ज्या एका वर्षी शेतकऱ्याला चार ठिकाणी विचारणा करता आली असती, त्याच वर्षी दार लावून घेण्याची गरज सरकारला भासली. दोन हंगामांपूर्वी, २०२१-२२ मध्ये, ऊस उदंड झाला होता आणि महाराष्ट्राने १३७ लाख टन साखर काढून उत्तर प्रदेशाला मागे टाकले होते. तेव्हा गाळप जूनच्या मध्यापर्यंत लांबले, मराठवाड्यात पाऊस तोंडावर आला तरी हजारो एकर ऊस उभा होता, आणि मे महिन्यात गेवराई तालुक्यातल्या एका तरुण शेतकऱ्याने तोड मिळत नाही म्हणून आपला फड पेटवून आत्महत्या केली. उशिरा गाळलेल्या उसाच्या घटलेल्या उताऱ्यापोटी टनाला दोनशे रुपये आणि लांबच्या वाहतुकीपोटी काही अनुदान सरकारने दिले, ते कारखान्यांमार्फत.

हे सारे सहकाराच्या भूमीत घडते, म्हणून त्याचा इतिहास थोडा आठवला पाहिजे. दख्खनच्या कालव्यांवर आधी खासगी साखर कंपन्या होत्या, त्यांच्या स्वतःच्या मोठ्या जमिनी होत्या, आणि भोवतालचा कुणबी गूळ करून तो व्यापाऱ्याच्या पेढीवर नेत असे. नगर जिल्ह्यातल्या लोणी-प्रवरानगर भागात विठ्ठलराव विखे पाटील यांनी गावोगाव फिरून भाग गोळा केले, अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ त्या कारखान्याचे अध्यक्ष झाले, आणि १९५०-५१ च्या हंगामात आशियातला पहिला यशस्वी सहकारी साखर कारखाना म्हणून तो उभा राहिला. त्यामागचा विचार सोपा आणि भक्कम होता. माल घेणारा आणि माल विकणारा एकच असेल तर भाव पाडण्यात कोणाचाच फायदा नाही. कारखान्याला जे सुटेल ते सभासदाचेच आहे. सरकारने भागभांडवल घातले, कर्जाला हमी दिली, आणि पुढच्या तीन दशकांत पश्चिम महाराष्ट्राचा चेहरा पालटला. उपसा सिंचन योजना, महाविद्यालये, दवाखाने, दूध संघ या सर्वांच्या मुळाशी साखरेचा पैसा होता आणि आमच्यासारख्या घरांतली पहिली पदवीधर पिढी त्यावरच शिकली. या परंपरेविषयी तुच्छतेने बोलणाऱ्यांशी माझे जमत नाही.

पण एकाच छपराखाली इतके सगळे आले की छपराचा मालकही घडतो. पीककर्ज देणारी सोसायटी जिल्हा बँकेच्या ताब्यात आणि जिल्हा बँक कारखान्याच्या संचालकांच्या ताब्यात. उपशाचे पाणी कारखान्याच्या योजनेचे, खत-बेणे कारखान्याच्या दुकानातून उधारीवर, आणि या साऱ्याची वसुली उसाच्या बिलातून, बिल हातात पडण्याआधीच. बिलाच्या पावतीवर कपातींची जी रांग असते ती वाचली तर तालुक्याच्या सत्तेचा नकाशाच वाचल्यासारखे होते: सोसायटी, पाणीपट्टी, ठेव, अमुक निधी, तमुक निधी. मालकी सभासदांची असते आणि ती भागाच्या दाखल्यावर लिहिलेलीही असते. मात्र आपल्याच कारखान्याकडून आपली तोड वेळेवर घेण्यासाठी मालकाला ओळख काढावी लागते. एक सभासद, एक मत हे तत्त्व मतपेटीपुरते खरे राहिले. ज्याचा ऊस, पाणी, कर्ज आणि मुलाची नोकरी एकाच दारात अडकली आहे त्याचे मत गुप्त राहिले तरी त्याचे बोलणे मोकळे राहत नाही.

नव्वदीनंतर अनेक सहकारी कारखाने कर्जात बुडाले, राज्य सहकारी बँकेने ते विक्रीला काढले, आणि कवडीमोलाने झालेल्या या विक्रींचे वाद आजही न्यायालयांत आणि तपास यंत्रणांपुढे फिरत आहेत. त्या बँकेचे संचालक मंडळ २०११ साली रिझर्व्ह बँकेच्या निर्देशावरून बरखास्त झाले. आज राज्यात दोनशेच्या आसपास कारखाने गाळप करतात आणि त्यांतले निम्म्याच्या घरात खासगी आहेत. खासगी मालक आला की राजकारण जाईल आणि नुसता व्यवहार उरेल, अशी एक आशा मध्यंतरी बाळगली जात होती. काही खासगी कारखाने पैसे वेळेवर देतात हेही मान्य केले पाहिजे. परंतु पंचवीस किलोमीटरचे कुंपण मालक बदलल्याने हलत नाही, शिवाय अनेक ठिकाणी मालकाचे आडनावही बदललेले नाही. फक्त वार्षिक सभा बंद झाली. सहकारी कारखान्याच्या सभेत ‘मंजूर, मंजूर’चा कितीही गजर झाला, तरी एखादा म्हातारा सभासद ध्वनिक्षेपकापर्यंत पोहोचून दोन वाक्ये बोलतो आणि त्याची बातमी होते. खासगी कारखान्यात उसाच्या शेतकऱ्याला बोलायला सभाच नाही.

आता काटा आणि उतारा. काटामारीच्या तक्रारी इतक्या जुन्या आहेत की त्या ऐकताना कोणी चकितही होत नाही. वैधमापन खात्याची भरारी पथके येतात आणि बहुधा काटे बिनचूक असल्याचा अहवाल देऊन जातात. वजन निदान बाहेरच्या काट्यावर पडताळता येते. उतारा पडताळण्याचे कोणतेही साधन शेतकऱ्याकडे नाही. २०२५-२६ साठी केंद्राने जाहीर केलेली एफआरपी, म्हणजे रास्त व किफायतशीर दर, १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० रुपये आहे, आणि उताऱ्यातल्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३४ रुपये ६० पैसे कमी-जास्त होतात. अर्ध्या टक्क्याचा फरक म्हणजे टनाला १७३ रुपये; एकरी चाळीस टन धरले तर सात हजारांच्या आसपास. आणि हा उतारा एका शेतकऱ्याच्या उसाचा नसतो, साऱ्या कारखान्याचा सरासरी असतो, त्याच कारखान्याच्या प्रयोगशाळेत मोजलेला. शिळा ऊस गाळला, यंत्रसामग्री जुनी असली, रस वाया गेला, तरी त्याची किंमत शेतकऱ्याच्या दरातून वळती होते. इथेनॉलसाठी बी-हेवी मळी (सगळी साखर न काढता बाजूला केलेली मळी) किंवा थेट रस वळवला की साखर कमी निघते आणि तेवढा उतारा गणिताने परत मिळवावा लागतो. त्या गणितानंतर तर सामान्य सभासद हिशेब सोडूनच देतो. यातून तोडणी-वाहतुकीचा खर्च वजा होतो तो टनाला सातशेपासून हजारापर्यंत कितीही, आणि तो ठरवणाराही कारखानाच.

दिल्लीतही मोजपट्टी हलवली जाते, तीही अशीच कोणाच्या ध्यानात न येता. २०१७-१८ मध्ये एफआरपी साडेनऊ टक्के उताऱ्याला २,५५० रुपये होती. पुढच्या वर्षी ती २,७५० झाली, दोनशे रुपयांची वाढ म्हणून जाहिरातही झाली. मात्र आधारभूत उतारा साडेनऊवरून दहा टक्के केला गेला होता. जुन्या मापाने दहा टक्क्यांना २,६८४ रुपये मिळालेच असते, म्हणजे खरी वाढ ६६ रुपयांची. २०२२-२३ मध्ये पुन्हा तसेच झाले. आधार दहावरून सव्वादहावर गेला आणि २,९०० चे ३,०५० झाले. दीडशेतले साडेसत्त्याहत्तर रुपये खरे, बाकीचे मोजपट्टीचे. यात बेकायदा काहीही नाही. सगळे राजपत्रात छापलेले आहे.

याच दिल्लीपुढे कारखान्याचा अध्यक्षही शेतकऱ्याइतकाच हतबल असतो, हे त्याला कितीही नावे ठेवली तरी नाकारता येत नाही. साखरेची किमान विक्री किंमत फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये झाली. त्यानंतर एफआरपी वर्षागणिक चढत गेली आणि ही किंमत वर्षानुवर्षे तेथेच राहिली. बाजारात साखर त्याहून महाग विकली जाते हे खरे, पण बँक साखरेच्या तारणावर कर्जाची उचल देताना अशा आकड्यांकडे पाहते. महिन्याला किती साखर विकायची तो कोटा केंद्र ठरवते, निर्यात करायची की नाही ते केंद्र ठरवते. इथेनॉल करा म्हणून केंद्रानेच व्याजाची सवलत देऊन कारखान्यांना कोट्यवधींची कर्जे काढायला लावली, आणि डिसेंबर २०२३ मध्ये, हंगाम ऐन भरात असताना, उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर एका आदेशाने बंदी घातली. आठवडाभरात ती काही प्रमाणात शिथिल केली आणि पुढच्या ऑगस्टमध्ये उठवली. शहरातल्या ग्राहकाला निवडणुकीच्या वर्षी साखर महाग पडू नये, हे त्यामागचे उघड कारण. आयकर खात्याची गोष्ट आणखी विलक्षण. सहकारी कारखान्याने किमान दरापेक्षा जास्त दर सभासदाला दिला तर तो खर्च नव्हे, नफ्याचे वाटप आहे, असे धरून अनेक वर्षे कर आकारला जात होता; २०२३ च्या अर्थसंकल्पात ती जुनी थकबाकी निकाली निघाली आणि उद्योगाला सुमारे दहा हजार कोटींचा दिलासा मिळाला. शेतकऱ्याला चार पैसे अधिक देणे हाच जणू नफेखोरीचा पुरावा, असा त्या आकारणीचा अर्थ होत होता.

दिल्लीकडून दाबलेला अध्यक्ष खाली दाबतो. ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत आणि उशीर झाला तर १५ टक्के व्याज. राज्य सरकारने फेब्रुवारी २०२२ मध्ये शासन निर्णय काढून एफआरपी दोन हप्त्यांत देण्याची मोकळीक दिली: पुणे आणि नाशिक विभागांत पहिला हप्ता दहा टक्के उतारा धरून, इतरत्र साडेनऊ टक्के धरून, आणि उरलेले पैसे हंगाम संपून खरा उतारा निघाल्यावर. कोल्हापुरात उतारा बाराच्या पुढे जातो. तेथे दहा धरून पहिला हप्ता देणे म्हणजे शेतकऱ्याचे पाच-सहाशे रुपये टनाला बिनव्याजी वापरायला घेणे होते. मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये तो शासन निर्णय रद्द ठरवला. हा खटला दराचा नव्हताच. एकही रुपया कमी करायचा नव्हता, फक्त नंतर द्यायचा होता. तोड उशिरा, पैसे उशिरा, हिशेब त्याहून उशिरा. काळ ही या व्यवसायातली अशी वस्तू आहे जी फक्त एका बाजूने खर्च होते.

२०१२ साली रंगराजन समितीने या प्रश्नाला हात घातला होता. लेव्ही साखर, म्हणजे रेशनसाठी सरकारला कमी भावात द्यावी लागणारी साखर, बंद करा; अंतराची आणि क्षेत्र राखून ठेवण्याची अट हळूहळू काढून टाका, उत्पन्नाचा सत्तर टक्क्यांच्या आसपास वाटा उसाला द्या, अशा तिच्या शिफारशी. लेव्ही पुढच्याच वर्षी बंद झाली, कारण तो कारखान्यांवरचा बोजा होता. महाराष्ट्राने उत्पन्नाच्या वाटणीचा कायदा २०१३ मध्ये केला आणि मुख्य सचिवांच्या अध्यक्षतेखाली मंडळही नेमले, पण वाटणीचा हिशेब कारखान्याच्याच ताळेबंदावर अवलंबून असल्याने तो कसा जुळवायचा हे कोणाला शिकवावे लागत नाही. अंतराची अट मात्र आहे तेथे आहे. एका समितीच्या शिफारशींपैकी कोणत्या अमलात आल्या आणि कोणत्या पडून राहिल्या, एवढी यादी पाहिली तरी त्या व्यवसायात कोणाचा शब्द चालतो ते कळते.

या साखळीत शेतकऱ्याच्याही खाली एक माणूस आहे, आणि त्याचे नाव घेताना आम्हा बागायतदारांचा आवाज थोडा खाली येतो, तो यायलाच हवा. बीड, नगर, जालना, परभणीकडून दरवर्षी लाखोंच्या संख्येने ऊसतोड मजूर दिवाळीनंतर खाली उतरतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, त्यावर मुकादमाकडून घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ पैसे, आणि ती फिटेपर्यंत पहाटे चारपासून फडात. जानेवारी २०२४ मध्ये त्यांच्या तोडणी दरात ३४ टक्के वाढ मान्य झाली, तीही संपाच्या इशाऱ्यानंतर आणि शरद पवार व पंकजा मुंडे यांच्या लवादातून. शेतकरी ज्याला टोळीची अरेरावी म्हणतो ती खुशाली त्या मजुरासाठी बरेचदा एकमेव रोख पैसा असतो. कारखाना तोडणी खर्च शेतकऱ्याच्या बिलातून कापतो आणि मजुराला मुकादमाच्या स्वाधीन करतो. त्यामुळे दोघेही एकमेकांशी भांडतात आणि कारखान्याशी कोणीच नाही. ऊस परिषदेच्या व्यासपीठावरून मजुराच्या मागण्या आणि मजुरांच्या मेळाव्यातून उसाच्या दराची मागणी एका सुरात मांडलेली मी कधी ऐकली नाही.

आता यंत्र आले आहे. टोळ्या मिळेनाशा झाल्या, उचल घेऊन मुकादम बुडवू लागले, म्हणून ऊस तोडणी यंत्राला सरकार अनुदान देते आणि कारखानेही त्याचा आग्रह धरतात. हे यंत्र तोडीच्या तारखेचा प्रश्न सोडवेल असे सांगितले जाते. आमच्या भागात जे दिसते ते असे की यंत्राला रुंद सरी लागते, लांब तास लागतात, वळायला मोकळी जागा लागते. सलग पाच-दहा एकर असलेल्यांच्या रानात ते आनंदाने उतरते आणि भाऊबंदकीत वाटून वीस-वीस गुंठ्यांवर आलेल्या तुकड्यांकडे पाहतही नाही. ज्यांना यंत्र घेणे परवडले ते बहुतेक कारखान्याशी कराराने बांधलेले आहेत, त्यामुळे ते आज कोणाच्या रानात जाणार हे ठरते पुन्हा शेतकी खात्यातच. पाळीपत्रक, वजन आणि उतारा रोजच्या रोज साखर आयुक्तालयाच्या संगणकावर सर्वांना पाहता येईल असा मांडला, उतारा तपासणारा माणूस कारखान्याच्या पगारावर नसला, आणि ठरलेल्या तारखेनंतर ऊस उभा राहिला तर थकीत पैशांवर लागते तसे व्याज त्या दिवसांवरही लागले, तर पंचवीस किलोमीटरच्या आत राहूनही पुष्कळ फरक पडेल. पैशांच्या विलंबाला कायद्यात व्याज आहे. तोडीच्या विलंबाला व्याज लावा अशी मागणी कोणत्याही ऊस परिषदेच्या ठरावात अजून माझ्या पाहण्यात आलेली नाही.